गर्दी कोणाची, गोंधळ कोणाचा?

माघ-फाल्गुनात ज्वारीची काढणी आटोपली, कडब्याच्या गंजी रचून झाल्या, की आमच्या भागात जत्रा-यात्रांचे दिवस सुरू होतात. कुठे यात्रेनिमित्त तमाशा, कुठे ऑर्केस्ट्रा, कुठे एखाद्या पुढाऱ्याच्या वाढदिवसानिमित्त लावण्यांचा कार्यक्रम. गावाचे नाव वैराग असले तरी करमणुकीच्या बाबतीत आम्ही मंडळी अजिबात विरागी नाही. बार्शी-सोलापूर रस्त्यावरच्या या बाजारपेठेत चौकातले फलक वाचले तरी महिनाभरात कोण कोण येणार हे कळते. फलकावर कलावंताचा फोटो एक आणि निमंत्रकांचे चाळीस, ही आता रीतच झाली आहे.

कार्यक्रमाच्या दुसऱ्या दिवशी चहाच्या टपरीवर चर्चा रंगते, पण ती गाण्याची नसते. किती खुर्च्या मोडल्या, पोलिसांनी काठ्या कितीदा उगारल्या, कोण झाडावर चढला आणि फांदीसकट खाली आला, कोणाचा मोबाइल गेला, याची ती चर्चा असते. गाणे कसे झाले, हे कोणी विचारत नाही, कारण ते धडपणे कोणाला ऐकूच आलेले नसते. या चर्चेचा शेवटही ठरलेला असतो. कोणी तरी ज्येष्ठ माणूस बशीतला शेवटचा घोट घेतो आणि म्हणतो, ‘आपल्या लोकांना शिस्तच नाही हो!’ सगळे माना डोलावतात आणि आपापल्या कामाला लागतात.

हे वाक्य मला अलीकडे खटकू लागले आहे. ‘आपले लोक’ म्हणजे नेमके कोण? आणि शिस्त नाही म्हणजे कुठे नाही?

थोडे मागे जाऊ. २०२२ आणि २०२३ ही दोन वर्षे महाराष्ट्राच्या ग्रामीण भागात नृत्यांगना गौतमी पाटील यांच्या कार्यक्रमांनी गाजवली. मिरज तालुक्यातील बेडग येथे २०२२ साली शाळेच्या मैदानावर त्यांचा कार्यक्रम होता. प्रेक्षक शाळेच्या छपरावर चढले आणि कौलांचा चुराडा झाला. २०२३च्या मे महिन्यात वैजापूर तालुक्यातील महालगाव येथे पत्र्याच्या छपरावर चढलेल्या प्रेक्षकांसह ते छप्परच खाली आले. त्याच वर्षी फेब्रुवारीत याच कलावतीचे कपडे बदलताना चोरून केलेले चित्रण मोबाइलवरून पसरवण्यात आले आणि पोलिसांत गुन्हा नोंदवला गेला. या सगळ्यावर वर्तमानपत्रांतून, वाहिन्यांवरून भरपूर वाद झडला. पण तो कशावर? हावभाव अश्लील आहेत की नाहीत, ही लावणी म्हणायची की नाही, यावर. मैदानाला फाटके किती होती, शाळेच्या छपराखाली कोणी उभे का केले नव्हते, कपडे बदलायच्या खोलीला धड कडी-कोयंडा होता का, हे प्रश्न त्या वादात फारसे कोणी विचारले नाहीत. नाचणारी बाई दोषी की बघणारा पोरगा दोषी, एवढ्यावरच आपण थांबलो. ज्याने त्या दोघांना एका मैदानात आणले, तो मात्र फलकावर हात जोडून हसतच राहिला.

टाळ थांबतो तो क्षण

आता याच ‘बेशिस्त’ लोकांना दुसऱ्या जागी पाहा. आषाढीच्या आधी ज्ञानेश्वर माउलींची पालखी आमच्या जिल्ह्यात नातेपुते, माळशिरस, वेळापूर, भंडीशेगाव, वाखरी अशा मुक्कामांनी पंढरपूरला जाते. लाखोंचा समुदाय असतो. ना तिकीट, ना पास. पण रथापुढे २७ दिंड्या आणि रथामागे उरलेल्या सगळ्या, प्रत्येकीला क्रमांक आणि प्रत्येक वारकऱ्याला आपली दिंडी ठाऊक. वीणेकरी कोण, पताका कोणाच्या हाती, पाणी कोण देणार, हे ठरलेले. आपली जागा कुठे आहे, हे ज्याला माहीत आहे तो सहसा दुसऱ्याच्या अंगावर जात नाही.

मुक्कामाच्या ठिकाणी संध्याकाळी समाजआरती होते, ती ज्यांनी पाहिली असेल त्यांना मी काय म्हणतो ते चटकन कळेल. पालखी मधोमध, भोवती सगळ्या दिंड्या, टाळ-मृदंगाचा कल्लोळ चाललेला. चोपदार आपला दंड उंच करतात आणि तो प्रचंड समुदाय एकाएकी स्तब्ध होतो. एखाद्या दिंडीचा टाळ मात्र वाजतच राहतो. याचा अर्थ, त्या दिंडीची काही तक्रार आहे. चालताना कोणी मध्ये घुसले असेल, पाण्याचा टँकर पोचला नसेल. चोपदार तिकडे जातात, तक्रार ऐकून घेतात, आणि मग तो टाळ थांबतो. त्यानंतर हरवलेल्या-सापडलेल्या वस्तू पुकारल्या जातात, उद्या किती वाजता निघायचे ते सांगितले जाते आणि मग आरती होते.

या व्यवस्थेत मोठे शहाणपण आहे. जो गर्दीला ‘गप्प बसा’ म्हणतो, तोच आधी गर्दीचे ऐकून घेतो. दंडाला मान मिळतो तो त्या ऐकून घेण्यामुळे. आमच्या गावच्या कार्यक्रमात माइक फक्त एका बाजूला असतो. ‘मागचे खाली बसा, खाली बसा, नाहीतर कार्यक्रम बंद करण्यात येईल’ ही एकच घोषणा तासभर चालते. मागच्याला का उभे राहावे लागते, हे विचारायला कोणी मागे जात नाही.

कोणी म्हणेल, वारी ही भक्ती आहे, तिची तुलना लावणीशी कशी करता? पण नुसत्या भक्तीने गर्दी शहाणी होत नाही. वाईजवळच्या मांढरदेवला २५ जानेवारी २००५ रोजी काळूबाईच्या यात्रेत जवळपास तीनशे भाविक चेंगरून आणि भाजून मेले. अरुंद वाट, नारळाच्या पाण्याने निसरड्या झालेल्या पायऱ्या आणि दाटीने थाटलेली दुकाने. उत्तर प्रदेशात हाथरसला २ जुलै २०२४ रोजी सत्संगाच्या गर्दीत १२१ जीव गेले. तिथेही लोक भक्तिभावानेच आले होते. तेव्हा फरक भाव आणि भावनेचा नसून बंदोबस्ताचा, वाटांचा आणि वेळेचा आहे. तोच माणूस, तेच दोन हात, दोन पाय. एका ठिकाणी तो वारकरी असतो, दुसऱ्या ठिकाणी तो ‘जमाव’ होतो.

सात वाजता म्हणजे सव्वानऊला

आमच्याकडच्या एका कार्यक्रमाची गोष्ट सांगतो. गावाचे आणि मंडळाचे नाव सांगत नाही. पंचक्रोशीतल्या कोणत्याही मंडळाचे नाव घातले तरी चालेल, इतकी ती सारखी आहे. मोफत गाण्यांचा कार्यक्रम होता. थोरली बहीण, तिची बारावीतली मुलगी आणि मी, तिघे गेलो. फलकावर वेळ सायंकाळी सातची. महिलांसाठी डाव्या बाजूला दोरी बांधून जागा केलेली, आणि आत-बाहेर करायला एकच वाट, जनरेटरच्या शेजारून. पुढे सोफे, सोफ्यांपुढे टीपॉय, टीपॉयवर पाण्याच्या बाटल्या. ते सोफे साडेआठपर्यंत रिकामे. पाहुणे आले तेव्हा फटाके, मग शाल-श्रीफळ, मग प्रास्ताविक, मग ज्यांचे नाव राहिले त्यांची नाराजी, मग त्यांचाही सत्कार. पहिले गाणे सुरू झाले सव्वानऊला.

छातीवर बिल्ला लावलेली मंडळाची पोरे बायकांच्या पुढ्यातच उभी होती. पाठ रंगमंचाकडे करून गर्दीवर लक्ष ठेवायचे, तर ती स्वतःच कार्यक्रम बघत होती. एका आजीबाईंनी ‘बाळा, जरा बस की’ म्हटले, तर उत्तर आले, ‘आजी, घरी टीव्ही आहे ना? तिथं बघा.’ आसपासची पोरे हसली. दहा वाजता पोलिसांनी ध्वनिक्षेपक बंद करायला लावला. पाऊण तासात कार्यक्रम संपला. मागून ओरडा, मग खुर्च्यांची फेकाफेक, आणि सगळे जण त्या एका वाटेकडे. बहिणीची एक चप्पल तिथेच राहिली. भाचीने माझा दंड इतका घट्ट धरला होता की दुसऱ्या दिवशीही बोटांचे वळ दिसत होते. त्या गर्दीत तिला कोणी काय केले, हे तिने मला सांगितले नाही. आईला सांगितले असावे.

दुसऱ्या दिवशी बातमी आली ती ‘कार्यक्रम उत्साहात संपन्न’ अशी. पोलीस ठाण्याच्या दप्तरीही काही नोंद नसणार, कारण तसे ‘काही झालेच’ नव्हते. मला वाटते, आपली खरी अडचण इथेच आहे. माणूस मेला तर ती घटना ठरते. बारावीतली मुलगी ‘मामा, यापुढे मी मोबाइलवरच बघीन’ असे म्हणते, ती घटना ठरत नाही. पण तिच्या त्या एका वाक्याने गावचे अर्धे प्रेक्षक कमी होतात. बायका उठून गेल्या की मैदानात उरतात ती नुसती पुरुषांची टोळकी, आणि मग त्या टोळक्यांना आवडेल तेच रंगमंचावर येते. कार्यक्रम बिघडला म्हणून बायका येत नाहीत आणि बायका येत नाहीत म्हणून कार्यक्रम आणखी बिघडतो. हे रहाट कुठे तरी थांबवायला हवे.

या कहाणीतली वेळेची बाब विशेष लक्षात घेण्याजोगी आहे. ध्वनिप्रदूषणाचे नियम २००० साली झाले. रात्री दहा ते सकाळी सहा उघड्यावर ध्वनिक्षेपक वाजवता येत नाही. वर्षातले मोजके पंधरा दिवस राज्य सरकार ही मुदत मध्यरात्रीपर्यंत वाढवू शकते. पुण्याच्या सवाई गंधर्व महोत्सवालाही हा नियम चुकला नाही. १९५३ साली सुरू झालेली आणि पुढे रात्र-रात्र जागवणारी ती मैफल नियमापुढे वेळापत्रकात बसवावी लागली. २०२३च्या ३० एप्रिलला पुण्यातच ए. आर. रहमान यांचा कार्यक्रम दहा वाजून गेले म्हणून पोलीस अधिकाऱ्याने मंचावर जाऊन थांबवला. नियम रहमानना सोडत नाही, तो आमच्या ऑर्केस्ट्राला काय सोडणार? दहाचा काटा वर्षानुवर्षे तिथेच आहे. मग सातचा कार्यक्रम सव्वानऊला सुरू करणारा आयोजक दहा वाजता काय होणार हे जाणतच असतो. सत्काराची दोन तासांची उधारी तो प्रेक्षकांच्या खात्यावर मांडतो आणि वसुलीच्या वेळी पोलिसांना पुढे करतो.

उशीर ही साधी गैरसोय नव्हे. तमिळनाडूत करूर येथे २७ सप्टेंबर २०२५ रोजी अभिनेते आणि राजकीय नेते विजय यांच्या सभेत ४१ माणसे चेंगरून मेली. लोक दुपारपासून उन्हात तिष्ठत होते आणि नेते संध्याकाळी पोचले. तहानलेली, थकलेली, तासन् तास एका जागी दाटून उभी राहिलेली गर्दी आणि नुकतीच येऊन बसलेली गर्दी यांत जमीन-अस्मानाचा फरक असतो.

दाटी आणि दार

गर्दीत माणूस कसा मरतो, याविषयी आपल्या मनात एक चित्र असते. लोक पळतात, कोणी पडतो, तुडवला जातो. पण पुष्कळदा माणसे उभ्या उभ्याच मरतात. एक मीटर लांब, एक मीटर रुंद जागा डोळ्यांपुढे आणा. तीत चार माणसे असतील तर हात वर करता येतो, वळता येते. सहा-सात झाली की पाय स्वतःचे राहत नाहीत. मागून आलेला धक्का पाण्याच्या लाटेसारखा पुढे पुढे जातो आणि कोणाचीही इच्छा नसताना शेकडो माणसे एका बाजूला ढकलली जातात. छातीवर दोन्हीकडून दाब आला की श्वास घ्यायला बरगड्या फुलत नाहीत. मागच्याला हे दिसतही नाही. त्याला वाटते, पुढे जागा आहे, पुढचे उगाच अडवताहेत. म्हणून मागच्याला ‘रानटी’ म्हणण्यात अर्थ नाही. त्याच्यापर्यंत निरोप पोचवणारा माणूस तिथे उभा नसतो, हे खरे कारण.

अमेरिकेत सिनसिनाटी येथे ३ डिसेंबर १९७९ रोजी ‘द हू’ या वाद्यवृंदाच्या कार्यक्रमापूर्वी दाराबाहेरच ११ तरुण मेले. जागांना क्रमांक नव्हते, आधी येईल तो पुढे. थंडीत ताटकळलेल्या लोकांना आतून वाद्यांचा आवाज आला, त्यांना वाटले कार्यक्रम सुरू झाला, आणि उघडी दारे मोजकीच. त्यानंतर त्या शहराने बिनक्रमांकाच्या जागांवर पंचवीसेक वर्षे बंदी ठेवली. कोचीच्या विद्यापीठात २५ नोव्हेंबर २०२३ रोजी गाण्याचा कार्यक्रम होता. पाऊस आला, बाहेरचे लोक आडोशासाठी एका दाराकडे धावले, पायऱ्यांवर घसरले आणि चार तरुण जीव गेले. बंगळुरूत ४ जून २०२५ रोजी क्रिकेट संघाच्या स्वागताला स्टेडियमबाहेर ११ जण गेले. तिथेही पास लागतो की प्रवेश मोफत, याविषयी गोंधळच होता. चेन्नईत १० सप्टेंबर २०२३ रोजी रहमान यांच्याच कार्यक्रमाला हजारो रुपयांची तिकिटे हातात असलेली कुटुंबे दारातून परत गेली, बायकांना धक्काबुक्की सोसावी लागली. रहमान यांनी नंतर क्षमा मागितली आणि तिकिटाचे पैसे परत करण्याचे कामही हाती घेतले गेले.

देश वेगळे, गावे वेगळी, तिकिटे वेगळी. दाराची, वेळेची आणि निरोपाची कथा मात्र तीच. आणि गर्दीची झळ केवळ प्रेक्षकालाच बसते असेही नाही. ३१ मे २०२२ रोजी कोलकात्याच्या नझरुल मंचावर गायक केके यांचा कार्यक्रम झाला. सभागृह क्षमतेपेक्षा कितीतरी अधिक भरलेले होते, उकाड्याने ते हैराण झाल्याचे साऱ्यांनी पाहिले. त्याच रात्री हृदयविकाराने त्यांचे निधन झाले.

बिल्ला, बाउन्सर आणि कायदा

आपल्याकडे कायदा नाही असे मुळीच नाही. १९५१च्या पोलीस कायद्याखाली करमणुकीच्या जागांना परवाना देण्याचे नियम १९६० सालीच झाले, आणि त्यांत मेळे-तमाशेही येतात. राष्ट्रीय आपत्ती व्यवस्थापन प्राधिकरणाने गर्दीच्या व्यवस्थापनाची मार्गदर्शिका २०१४ साली काढली. खासगी सुरक्षारक्षकांसाठी २००५चा कायदा आहे. त्यानुसार रक्षक पुरवणाऱ्या संस्थेला परवाना लागतो आणि रक्षकाला प्रशिक्षण. आता तालमीतून आणलेली, काळा टी-शर्ट चढवलेली पोरे आठवा. त्यांना छाती पुढे काढून उभे राहायला सांगितलेले असते, यापलीकडे काय शिकवलेले असते? चक्कर आलेल्या बाईला बाहेर कुठून काढायचे, आग लागली तर कोणती कनात आधी फाडायची, हे त्यांना विचारून पाहावे. त्यांची नेमणूक सोफ्यावरच्या पाहुण्यांना गर्दीपासून वाचवण्यासाठी असते. गर्दीला गर्दीपासून वाचवायला कोणी नेमलेले नसते.

त्या पोरांना तरी दोष किती द्यावा? बिल्लेवाला पोरगा दिवसभर खुर्च्या वाहून दमलेला, जेवणाचा पत्ता नाही, आणि हातात अधिकार आला तो पहिल्यांदाच. वीस होमगार्डना पाच हजार माणसांपुढे उभे केले तर काठी उगारण्यावाचून त्यांच्याजवळही दुसरी भाषा राहत नाही.

आणखी एक गंमत आहे. आपण पैसे देऊन तिकीट काढले, तर २०१९च्या ग्राहक संरक्षण कायद्याने आपण ग्राहक ठरतो. जागा मिळाली नाही, कार्यक्रम झाला नाही, तर दाद मागता येते. पण मोफत दिलेल्या सेवेला तो कायदा लागू होत नाही. म्हणजे आमच्याकडचे बहुतेक कार्यक्रम कायद्याच्या दृष्टीने कोणाचेच कोणाला देणे नसलेले! पूर्वीचा तंबूतला तमाशा तिकिटावर चाले. तिथेही शिट्ट्या होत्या, दगड येत, आणि घरच्या बायका तिथे जात नसत. ते दिवस सोन्याचे होते असे मी म्हणणार नाही. पण तंबूच्या मालकाला उद्या दुसऱ्या गावी तिकिटे विकायची असत, म्हणून प्रेक्षक राखणे ही त्याची गरज होती. मोफत कार्यक्रमाच्या निमंत्रकाला प्रेक्षक नकोच असतो, त्याला गर्दी हवी असते. फोटोत मैदान भरलेले दिसले की त्याचे काम झाले. मागच्या माणसाला दिसले का, ऐकू आले का, याचा त्याच्या हिशेबाशी संबंध नाही. आणि ज्याला आपण केवळ डोकी मोजण्यासाठी बोलावले गेलो आहोत हे कळते, तो माणूस खुर्ची जपून वापरील, ही अपेक्षा जरा जास्तच आहे.

याचा अर्थ प्रेक्षकाने हात झटकावेत असा नाही. पास, तिकीट, गुबगुबीत खुर्ची, वातानुकूलित सभागृह, सगळे असूनही आपण कसे वागतो हे नाट्यगृहांनी पाहिले आहे. २०१९ साली ‘अश्रूंची झाली फुले’च्या प्रयोगांत वारंवार वाजणाऱ्या मोबाइलना कंटाळून सुबोध भावे यांनी नाटकात काम करणे थांबवण्याचा विचार जाहीरपणे बोलून दाखवला होता. सोलापूरच्या हुतात्मा स्मृती मंदिरात बसून मीही तो अनुभव घेतला आहे. रंगमंचावर दिवा मंद होतो आणि तिसऱ्या रांगेत निळा उजेड पडतो. शेजारच्या बाईला खेटून उभा राहणारा, पुढच्याच्या डोक्यावर रिकामी बाटली फेकणारा, कलावतीचे चोरून चित्रण पुढे ढकलणारा, यांच्यासाठी कोणतीही सबब नाही. त्यांना वेगळे काढायला हवे. पण वेगळे काढायचे तर आधी बाकीच्यांना जागेवर बसवावे लागते. सगळेच उभे असतील, तर उपद्रवी कोण आणि नाइलाजाने उभा कोण, हे ब्रह्मदेवालाही सांगता येणार नाही.

मग करायचे काय? कर्नाटकाने बंगळुरूच्या दुर्घटनेनंतर २०२५ साली गर्दी नियंत्रणाचे विधेयक मांडले. मोठ्या शहरांना असे कायदे लागतीलच. पण आमच्यासारख्या गावाला विधानसभेची वाट पाहायचे कारण नाही. मैदान शाळेचे असते नाहीतर नगरपंचायतीचे किंवा ग्रामपंचायतीचे. मैदान देतानाच अटी घालता येतात. सुरुवातीची आणि समाप्तीची वेळ लेखी घ्यावी, आणि सत्कार करायचेच तर ते त्या वेळेआधी उरकावेत. मैदानात किती माणसे मावतात ते मोजून लिहावे. तेवढी आली की फाटक बंद. आत येण्याची आणि बाहेर जाण्याची वाट वेगळी, बायकांची वाट स्वतंत्र आणि उजेडाची. जनरेटर आणि वायरी वाटेपासून दूर. शाळेच्या छपराला, झाडांना, पत्र्याच्या शेडना आधीच काटेरी कुंपण नाहीतर माणूस. पिण्याचे पाणी आणि मुताऱ्या केवळ सोफ्यांच्या मागे नकोत. बिल्लेवाल्यांपैकी निम्म्या मुली असाव्यात, आणि सगळ्यांनी तोंड गर्दीकडे करून उभे राहावे. मोडतोडीपोटी अनामत रक्कम घ्यावी आणि अट मोडली तर ती परत देऊ नये. यात लाखाचा खर्च नाही. कलावंताच्या मानधनाचा, दिव्यांचा, फटाक्यांचा हिशेब पाहिला तर हा खर्च फोडणीतल्या मोहरीएवढा.

आणि एक माणूस असा असावा की ज्याच्याकडे तक्रार घेऊन जाता येईल. त्याला चोपदार म्हणा, व्यवस्थापक म्हणा, काहीही म्हणा. गर्दीत एखादा टाळ वाजतच राहिला, तर तिकडे चालत जाणारा माणूस. आमच्या कार्यक्रमांत ज्या एका पदाची उणीव आहे, ते हेच.

हे होईल का? संतनाथांच्या या गावात हरिनाम सप्ताहात पंगती बसतात तेव्हा शेकडो माणसे ओळीने बसतात, वाढपी पोरे शेवटच्या पानापर्यंत जातात, बायकांची पंगत आधी की नंतर यावर वादही होतो आणि तो मिटतोही. त्या पोरांना कोणी प्रशिक्षण दिलेले नसते. फक्त शेवटचे पान रिकामे राहिले तर आपल्याला बोल लागेल, हे त्यांना ठाऊक असते. कार्यक्रमाच्या मैदानातही शेवटचे पान असते. ते दोरीपलीकडे, जनरेटरशेजारी, पायाच्या चवड्यांवर उभे असते. तिथवर कोणी तरी पोचले पाहिजे, एवढीच अपेक्षा आहे.

तेव्हा येत्या यात्रेच्या फलकाबाबत मंडळांना एक सूचना. निमंत्रकांच्या चाळीस फोटोंपैकी चार कमी करावेत आणि तेवढ्या जागेत ठसठशीत अक्षरांत छापावे: कार्यक्रम किती वाजता सुरू होणार, किती वाजता संपणार, बायकांची वाट कुठून आहे आणि तक्रार कोणाकडे करायची. त्या चार ओळी खऱ्या ठरल्या तर मोडलेल्या खुर्च्यांचा हिशेब दुसऱ्या दिवशी टपरीवर मांडावा लागणार नाही. फार तर एखादे गाणे पडले की रंगले, यावर वाद होईल. तो खुशाल व्हावा.